कागद कोणाच्या कपाटात? (जूरी ड्यूटीच्या निमित्ताने)

निशिगंधा_राउंडरॉक

मंडळी, गेल्या आठवड्यात टपालातून जूरी ड्यूटीचं समन्स आलं. म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांत बसायचं बोलावणं. सिटिझन झाल्यापासून पहिलंच. हजेरी पुढच्या महिन्यात, जॉर्जटाऊनला, टेक्सासमधल्या आमच्या विल्यमसन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) कोर्टात. नवरा म्हणाला, "चल, एक दिवस ऑफिस बुडेल." शेजारच्या आजीबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मॉर्टनची काउंटी ही."

मला हा मॉर्टन कोण ते ठाऊक नव्हतं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. तुम्हालाही सांगते, कारण एकटीने पचवायला जड आहे.

मायकेल मॉर्टन. ऑस्टिनच्या वायव्येला घर, पण हद्द आमच्या काउंटीची. १२ ऑगस्ट १९८६ ला त्याचा ३२ वा वाढदिवस झाला. रात्री बायकोशी थोडं बिनसलं, म्हणून सकाळी साडेपाचच्या सुमारास कामावर जाताना बाथरूमच्या आरशापाशी तिला चिठ्ठी ठेवली. रुसवा होता, पण शेवटी प्रेमाचे शब्दही होते. त्याच सकाळी घरात त्याच्या बायकोचा, ख्रिस्टीनचा, डोक्यात घाव घालून खून झाला. तीन वर्षांचा मुलगा घरातच होता. पोलिसांना चिठ्ठी सापडली आणि त्यांच्या मते प्रश्न सुटला: रागावलेला नवरा. फेब्रुवारी १९८७ मध्ये जन्मठेप.

आता जे कोर्टापुढे आलंच नाही ते ऐका. मुलाने आजीला सांगितलं होतं की एक 'मॉन्स्टर' आला होता, त्याने आईला मारलं, आणि बाबा घरात नव्हते. ही आजी म्हणजे ख्रिस्टीनची आई. तिने ते फोनवर तपास अधिकाऱ्याला सांगितलं आणि त्याचं टंकलेखन झालेलं फाइलमध्ये होतं. हिरव्या व्हॅनमधला एक माणूस घरामागच्या झाडीकडे जाताना पाहिल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. ख्रिस्टीनचं क्रेडिट कार्ड सॅन अँटोनिओत वापरलं जात असल्याची खबरही होती. यातलं काहीही बचावाच्या वकिलांना मिळालं नाही.

न्यायाधीशांना शंका आली होती, हे विशेष. त्यांनी तपास अधिकाऱ्याचे सगळे अहवाल स्वतः बघायला मागितले. सरकारी वकिलाने दिली मोजकी पानं. ती न्यायाधीशांनी वाचली, त्यात आरोपीच्या फायद्याचं काही नव्हतं, म्हणून पाकिटात घालून सील करून ठेवून दिली. २०११ मध्ये ते पाकीट उघडलं तेव्हा आत आजीचा जबाब नव्हताच.

माझा प्रश्न साधा आहे. १९८७ च्या त्या बारा लोकांचं काय चुकलं? त्यांना जे वाढलं ते त्यांनी खाल्लं. उद्या मी त्या खुर्चीत बसले तर ताटात आलं तेवढंच स्वयंपाकघरात होतं, हे कशावरून धरून चालू? आणि आपल्याकडे हे कसं चालतं? कोर्टकचेरीतले कोणी असाल तर सांगा.

खोडसाळ_खंडू

पहिला! (कागद वाचून सविस्तर प्रतिसाद देतो. कागद मिळाला तर.)

प्राजक्त_७

बाप रे. पण सुटला कसा ते लिहिलंच नाहीस की!

निशिगंधा_राउंडरॉक

@प्राजक्त, रुमालामुळे. घरापासून शंभरेक यार्डांवर बांधकाम चालू होतं, तिथे ख्रिस्टीनच्या भावाला डोक्याला बांधायचा निळा रुमाल सापडला. रक्ताचे डाग पडलेला. पोलिसांना जे दिसलं नाही ते घरच्या माणसाला दिसलं. त्याची डीएनए तपासणी करा म्हणून ह्यूस्टनचे जॉन रेली नावाचे वकील आणि इनोसन्स प्रोजेक्ट (चुकून शिक्षा झालेल्यांसाठी लढणारी संस्था) २००५ पासून मागे लागले होते. वकील फुकट लढत होते. नव्या सरकारी वकिलाने पाच-सहा वर्षं विरोध केला. शेवटी २०११ मध्ये तपासणी झाली, तर रुमालावर ख्रिस्टीनचं रक्त आणि दुसऱ्याच माणसाचा डीएनए. ४ ऑक्टोबर २०११ ला मॉर्टन बाहेर आला. जवळजवळ २५ वर्षं! मधे पॅरोलसाठी "पश्चात्ताप दाखव" म्हटलं तर याचं उत्तर, जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप कसला. मुलगा मावशीकडे वाढला, पुढे त्याने आडनावसुद्धा बदललं.

काळा_कोट

बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा आला. तालुका आणि जिल्हा कोर्टात फौजदारीची २२ वर्षं वकिली झाली, त्यातून चार गोष्टी.

अमेरिकेत या विषयाला लोक 'ब्रेडी' म्हणूनच ओळखतात. १९६३ चा ब्रेडी विरुद्ध मेरीलँड हा निकाल. ब्रेडीच्या साथीदाराने प्रत्यक्ष खून आपणच केल्याचं कबूल केलं होतं आणि तो जबाब सरकार पक्षाने दिला नव्हता. कोर्ट म्हणालं, आरोपीच्या उपयोगाचा महत्त्वाचा पुरावा दडवणं हा त्याच्या हक्काचा भंग आहे, मग दडवणाऱ्याचा हेतू चांगला असो की वाईट. हा शेवटचा भाग लोक विसरतात. म्हणजे मॉर्टनच्या खटल्याच्या वेळी नियम २४ वर्षांचा जुना होता.

आपल्याकडे दोषारोपपत्रासोबत आरोपीला नकला द्याव्या लागतात. पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम २०७, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम २३०, आणि १४ दिवसांची मुदतही घातली आहे. मेख अशी की नकला मिळतात त्या सरकार पक्ष ज्यावर *विसंबून* आहे त्या कागदांच्या. ज्यावर विसंबून नाही, ते? आरोपी कोर्टामार्फत मागू शकतो. पण मागायचं काय, हेच माहीत नसतं! गोदामात काय आहे याची यादीच नाही, आणि दुकानदार म्हणतो, हवं ते मागा की.

२०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने फौजदारी कामकाजाच्या नियमांचा मसुदा मंजूर केला. त्यात आहे की तपासात गोळा केलेल्या सगळ्या जबाबांची, कागदांची, वस्तूंची यादी आरोपीला द्यायची, वापरलेल्या आणि न वापरलेल्या. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या फाशीच्या प्रकरणात कोर्टाने ते ठासून सांगितलं. प्रत्यक्षात? मी न वापरलेल्यांची यादी मागितली की समोरचे सरकारी वकील माझ्याकडे असे बघतात जणू मी त्यांच्या घरचं रेशन कार्ड मागितलं.

आणि नकला मिळतात त्या कशा! झेरॉक्सची झेरॉक्स. पंचनाम्याची कडेची अडीच इंच गायब. फोटो म्हणजे काळा चौकोन. "वाचनीय प्रत मिळावी" हा अर्ज मी आयुष्यात जितक्यांदा दिलाय तितक्यांदा जामीन अर्जही दिला नसेल.

वऱ्हाडी_ठेचा

काळा कोट भाऊ, आमच्या इकडं तं वाचनीय प्रतीच्या अर्जाचीच प्रत वाचता येत नाई. 😂

हवालदार_बाबा

राम राम मंडळी. ३४ वर्षं खात्यात होतो, त्यातली ११ तपास पथकात. दुसरी बाजूही ऐका.

खुनाचा तपास असला की पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस लोकांशी बोलणं होतं. पानवाला, दूधवाला, मयताची भावकी, ज्याला काही माहीत नाही पण बोलायची हौस आहे असे दहा. त्यातले कामाचे पाच. बाकीचे जबाब जोडत बसलं तर दोषारोपपत्र बैलगाडीतून न्यावं लागेल. ते बाजूला ठेवतात. दडवणं वेगळं आणि बाजूला ठेवणं वेगळं. माझ्या पाहण्यात हेतूने दडवलेलं फार कमी. मुद्देमाल खोलीत उंदरांनी खाल्लेलं जास्त.

दुसरं असं की वरून रोज फोन. "आरोपी कधी?" पेपरात फोटो, आमदारांचं निवेदन. अशात एक माणूस हाताला लागला आणि बरंचसं जुळलं की डोकं तिथेच थांबतं. मग पुढे येणारी प्रत्येक गोष्ट जुळतीय का एवढंच बघितलं जातं. न जुळणारी असली की वाटतं, हा साक्षीदार गोंधळलाय. लबाडी नसते हो. थकवा असतो.

काळा_कोट

बाबा, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारतो. कोणता जबाब कामाचा नाही, हे ठरवलं कोणी? ज्याने आरोपी ठरवला त्यानेच ना? तीन वर्षांच्या पोराचं बोलणंही कोणीतरी 'पोरकट' म्हणून बाजूलाच ठेवलं असेल.

शंकासुर

नेहमीप्रमाणे गळेकाढू धागा. एक कागद दिला नाही या तांत्रिक मुद्द्यावर सुटला म्हणजे माणूस निर्दोष ठरतो का? शंभर गुन्हेगारही असेच सुटतात, त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. पीडितांचं काय? सगळी फाइल आरोपीला दिली तर साक्षीदाराच्या घरावर दगड पडतील. आपल्याकडे साक्षीदार कसे फिरतात ते माहीत आहे ना? अमेरिकेचं औषध इथे लागू पडत नाही.

निशिगंधा_राउंडरॉक

@शंकासुर, पीडितांचाच मुद्दा घ्या. रुमालावरचा डीएनए ज्याचा निघाला त्याला २०१३ मध्ये ख्रिस्टीनच्या खुनासाठी जन्मठेप झाली. पण मधे काय झालं? जानेवारी १९८८ मध्ये, म्हणजे मॉर्टनला आत टाकून वर्ष होत होतं तेव्हा, ऑस्टिनमध्येच आणखी एका बाईचा घरात तसाच खून झाला. तोही याच माणसाने केला, २०१६ मध्ये सिद्ध झालं. तिलाही मुलगी होती. हिरव्या व्हॅनचा कागद १९८६ मध्ये कपाटाबाहेर आला असता तर, याचा विचार मी करू नये असं ठरवलंय, तरी येतोच.

शंकासुर

हे माहीत नव्हतं. या केसपुरतं मागे घेतो. साक्षीदाराच्या सुरक्षेचा मुद्दा कायम.

खोडसाळ_खंडू

शंकासुराने मागे घेतलं!! संपादक, हा प्रतिसाद सील करून पाकिटात ठेवा, २५ वर्षांनी उघडू.

मीनाक्षी_लीड्स

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मला सॅली क्लार्कचं प्रकरण कायम टोचतं. इंग्लंडमधली सॉलिसिटर, म्हणजे वकील बाई. १९९६ ला पहिलं बाळ गेलं, १९९८ ला दुसरं. दोन्ही काही आठवड्यांची. नोव्हेंबर १९९९ मध्ये दोघांच्या खुनाबद्दल तिला जन्मठेप झाली.

दुसऱ्या बाळाच्या शवविच्छेदनात नमुने घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला पाठवले होते. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वाढला होता, मेंदूपाणी धरून अनेक ठिकाणी. हा अहवाल खटल्याच्या कितीतरी आधी पॅथॉलॉजिस्टच्या हातात होता. त्याने कोणाला सांगितलं नाही, ना बचावाला, ना इतर तज्ज्ञांना. त्याच्या मते त्याला महत्त्व नव्हतं. पहिलं अपील फेटाळलं गेलं. मग हॉस्पिटलच्या कागदांच्या ढिगात नवऱ्याच्या बाजूच्या लोकांना तो अहवाल सापडला. जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द.

आम्ही रोज असे अहवाल काढतो. वर्षाला हजारो. एक कागद, जेमतेम आठ-दहा ओळी, जंतूचं नाव आणि कुठली अँटिबायोटिक चालतील त्याचा तक्ता. तो कागद 'महत्त्वाचा नाही' हे ज्याने मृत्यूचं कारण आधीच ठरवलंय त्याने ठरवायचं नसतं. हवालदार बाबा म्हणतात ते "डोकं तिथेच थांबतं" डॉक्टरांचंही होतं.

सॅली क्लार्क २००७ मध्ये वारली. ४२ वर्षांची होती.

आकडेमोड

त्याच केसमधला ७ कोटी ३० लाखांत एक हा आकडा प्रसिद्ध आहे. एका मोठ्या बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितलेला. कसा काढला? सॅलीच्या घरासारख्या घरात एक पाळणामृत्यू (बाळाचा झोपेत अचानक मृत्यू) होण्याची शक्यता ८५४३ मध्ये एक, म्हणून दोन व्हायची ८५४३ गुणिले ८५४३. जणू दोन भावंडांचं रक्त, घर, हवा यांचा एकमेकांशी संबंधच नाही. आमच्या अकरावीच्या सरांनी पट्टी मारली असती. पण गंमत बघा, हा आकडा भर कोर्टात सांगितला होता, सगळ्यांना दिसत होता, आणि पहिल्या अपिलात त्याने शिक्षा रद्द झाली नाही. रद्द झाली ती न दिसलेल्या कागदामुळे. चूक दिसत असली की न्यायालय म्हणतं, बाकी पुरावा पुरेसा आहे. लपवलेली निघाली की मग हलतं.

अमृता_ठाणे

इंग्लंडच्या पोस्टाचं विसरू नका. होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली गल्ल्यात तूट दाखवायची, ती तूट खरी धरून १९९९ ते २०१५ मध्ये शेकडो पोस्टमास्तरांवर चोरी, खोटे हिशेब असे खटले. त्यात आपल्या देशी मंडळींची नावंही पुष्कळ. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात टाकलं. प्रणालीत दोष आहेत हे आतल्या लोकांना माहीत होतं, कागदोपत्री होतं, आणि बचावाला सांगितलं गेलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये अपील कोर्टाने एका दमात ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २०२४ मध्ये तर संसदेने कायदाच करून उरलेल्यांना मोकळं केलं. तिथे फिर्यादीही पोस्ट, तपासही पोस्टाचा, खटला चालवणारंही पोस्ट. म्हणजे काळा कोट यांचा दुकानदार, गोदामवाला आणि वजनकाटेवाला, तिन्ही एकच.

खोडसाळ_खंडू

आमच्या सोसायटीचं ऑडिट अगदी असंच असतं. सेक्रेटरीच तक्रारदार, सेक्रेटरीच चौकशी समिती, आणि व्हाउचरची फाइल सेक्रेटरीच्या बायकोच्या माहेरी. आम्हाला ब्रेडी पाहिजे!

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या सोसायटीत ब्रेडी नाई, फक्त खारी भेटते चहासोबत.

जुना_कारकून

एवढ्या मोठ्या खटल्यांमध्ये माझी गोष्ट किरकोळ, पण राहवत नाही म्हणून लिहितो.

१९९४. एका निमसरकारी कार्यालयात भांडार लिपिक होतो. पावसाळ्याआधी आलेल्या गॅल्व्हनाइझ पत्र्यांपैकी ३८ पत्रे कमी भरले. साठा नोंदवहीत माझ्या अक्षरात आवक, जावक कुठेच नाही. निलंबन, निर्वाह भत्ता, खात्यांतर्गत चौकशी. मी सांगत होतो की मोठ्या साहेबांच्या तोंडी आदेशाने पत्रे एका शाळेच्या शेडसाठी गेले आणि गेटपास फाडला होता. चौकशी अधिकारी म्हणाले, गेटपास पुस्तक आढळून येत नाही. तसं लेखी दिलं. आढळून येत नाही! जसं काही पुस्तक आपणहून फिरायला गेलंय.

सात महिन्यांनी एक शिपाई (आता तो नाही, देव त्याचं भलं करो) रात्री घरी आला. म्हणाला, "भाऊसाहेब, चौकशीवाल्या साहेबांच्या कपाटात खालच्या खणात हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे. वर टॉवेल ठेवलाय." मी अर्जात तसंच लिहिलं. हिरवा पुठ्ठा, खालचा खण, टॉवेल. पुढच्या तारखेला पुस्तक "इतर कागदांत मिसळलेलं" मिळालं. स्थळप्रत क्रमांक ६७ वर ३८ पत्रे, ट्रकचा नंबर, आणि साहेबांची आखूड सही. पानाला मधोमध घडी होती. म्हणजे कोणीतरी उघडून वाचलं होतं.

सुटलो. थकबाकी मिळाली. त्या अधिकाऱ्याला काही झालं नाही, तो पुढे बढतीवर गेला. मला अजून राग त्यांनी पुस्तक लपवल्याचा नाही येत, त्या टॉवेलचा येतो.

तेव्हापासून कुठलाही कागद देताना मी पोच घेतो. दूधवाल्याकडूनही.

मीनाक्षी_लीड्स

काका, तो टॉवेल डोक्यातून जाणार नाही आता.

हवालदार_बाबा

कारकून साहेब, टॉवेल ठेवला म्हणजे माहीत होतं. ह्याला बाजूला ठेवणं नाही म्हणत. तुमच्याशी सहमत.

गोदाकाठ

टेक्सास आणि इंग्लंड फिरून झालं, आता आमच्या नाशिकला या.

जून २००३. नाशिकजवळ मळ्यात राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून, दोघींवर अत्याचार. आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. मी तेव्हा कॉलेजात होतो, शहर किती हादरलं होतं ते आठवतं. संध्याकाळी सातनंतर मळ्याकडचे रस्ते ओस. पुढे भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ मध्ये सहाही जणांना फाशी. हायकोर्टाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी. आम्ही तेव्हा "बरं झालं" म्हणालो होतो. मीही म्हणालो होतो, नाकारत नाही.

मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? घटनेनंतर दोनच दिवसांनी त्या जखमी माउलीला पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातले चार जण ओळखले होते. चार *वेगळेच* लोक. त्यांचा पुढे तपास नाही, अटक नाही, आणि सरकार पक्षाने ही गोष्ट खटल्यात पुढे आणली नाही. कोर्टाने त्या चौघांचा तपास करायला सांगितलं, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हटलं, आणि प्रत्येकाला पाच लाख भरपाई. १६ वर्षं आत, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला.

काळा कोट म्हणतात ते यादीचं इथे बघा. त्या अल्बमचा कागद यादीत असता तर २००६ लाच कोणीतरी विचारलं असतं, हे चार फोटो कोणाचे?

काळा_कोट

गोदाकाठ, उत्तम आठवण. त्या निकालात आरोपी समाजाच्या कोणत्या थरातले होते याचाही उल्लेख आहे. ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांचा वकील अल्बम मागायला कधी शिकणार? मॉर्टनला रेली भेटला. इथे फाशीच्या कैद्याला वकील भेटायला येतो तोच सुनावणीच्या आदल्या दिवशी.

प्राजक्त_७

मुंबई लोकलमधल्या ७/११ च्या बॉम्बस्फोट खटल्याचंही लिहा ना कोणीतरी, २०२५ चा हायकोर्टाचा निकाल.

संपादक

ते प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आहे. इथे नको. कोणाला लिहायचंच असेल तर निकाल लागल्यावर स्वतंत्र धागा काढावा. खारी-ब्रेडी पुरे.

शंकासुर

नाशिकचं मला माहीत होतं पण कारण माहीत नव्हतं. आता माझा प्रश्न वेगळा आहे. भरपाई सरकारने म्हणजे आपण दिली. ज्यांनी कागद दाबला त्यांचं काय झालं? मॉर्टनच्या सरकारी वकिलाचं काय झालं?

निशिगंधा_राउंडरॉक

केन अँडरसन. मधल्या काळात तो न्यायाधीश झाला होता! २०१३ मध्ये राजीनामा, वकिलीची सनद गेली, ५०० डॉलर दंड, ५०० तास समाजसेवा आणि १० दिवस तुरुंग. दहाही पुरे भोगले नाहीत, चांगल्या वर्तणुकीची सूट मिळाली, पाच दिवसांत बाहेर. २५ वर्षांना पाच दिवस. तरी अमेरिकेत सरकारी वकील अशा कारणाने आत जाणं इतकं दुर्मीळ की लोक ऐतिहासिक म्हणाले.

आकडेमोड

दुर्मीळ खरंच. तिथे निर्दोष सुटलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवतात. २०२० मध्ये त्यांनी २४०० प्रकरणं तपासली तर ४४ टक्क्यांत आरोपीच्या फायद्याचा पुरावा दडवला गेला होता.

आणि भरपाईचं म्हणाल तर न्यू ऑर्लीन्सचा जॉन थॉम्पसन वाचा. १८ वर्षं आत, पैकी १४ फाशीच्या कोठडीत. त्याच्यावर खुनाबरोबर एका दरोड्याचीही केस होती. त्या दरोड्यात कपड्यावर गुन्हेगाराचं रक्त होतं, लॅबचा अहवाल 'बी' गट. थॉम्पसनचा 'ओ'. अहवाल दाबला. दाबणाऱ्यांपैकी एका वकिलाने कॅन्सरने मरताना मित्राजवळ कबुली दिली, तो मित्रही वकील, आणि तो पाच वर्षं गप्प! १९९९ मध्ये फाशीला महिना राहिला असताना बचावाच्या शोधकाला मायक्रोफिशवर (कागदाच्या अगदी बारीक फोटोप्रतीवर) तो अहवाल सापडला. खुनाच्या २००३ च्या फेरखटल्यात जूरीने ३५ मिनिटांत सोडलं. त्याला मिळालेली १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. कारण? एका खटल्यातल्या चुकीवरून कार्यालयाने प्रशिक्षण दिलं नाही असं म्हणता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

म्हणजे कपड्यावर रक्त 'बी', माणूस 'ओ', आन् निकाल 'नो'. काय बोलाव आता.

हवालदार_बाबा

शिक्षेबद्दल माझं मत वेगळं. अधिकाऱ्याला तुरुंगात टाकलं तर पुढचा अधिकारी कागद तयारच करणार नाही. तोंडी विचारेल आणि नोंद घेणार नाही. नोंदच नसेल तर यादी कशाची करणार? यादी सक्तीची करा, पण यादी करणाऱ्याला घाबरवू नका. आणि हो, खात्यात माणसं द्या. एका अंमलदाराकडे चाळीस गुन्हे दिले की यादी तुमच्या-माझ्या मनातच राहते.

काळा_कोट

बाबा, इथे मी अर्धा तुमच्या बाजूने. भीतीपेक्षा सवय बरी. पण टॉवेल ठेवणाऱ्याला सोडू नये.

प्राजक्त_७

निशिगंधा, तुझी जूरी ड्यूटी झाली का गं? मूळ प्रश्न राहिलाच की.

निशिगंधा_राउंडरॉक

काल झाली! उशिरा लिहितेय, माफ करा.

साडेआठला हजर. माझा नंबर ४१. केस किरकोळ, दारू पिऊन गाडी चालवल्याची. सरकारी वकीलबाईंनी सगळ्यांना विचारलं, "पोलीस साक्षीदार म्हणून उभा राहिला तर त्याच्यावर इतरांपेक्षा जास्त विश्वास ठेवाल का? कमी ठेवाल का?" मी हात वर केला नाही. म्हणजे काय सांगणार, हवालदार बाबांमुळे जास्त आणि अल्बममुळे कमी? पहिल्या पंचविसातच त्यांची माणसं भरली, माझ्यापर्यंत आलंच नाही. नवरा म्हणाला, "वाचली ती केस."

पण एक दाखवायचं होतं तुम्हाला. मॉर्टन सुटल्यावर टेक्सासने त्याच्याच नावाने कायदा केला, १ जानेवारी २०१४ पासून लागू. सरकार पक्षाने फाइल उघडी ठेवायची, आणि खटला सुरू होण्याआधी किंवा आरोपीने गुन्हा कबूल करण्याआधी काय काय दिलं त्याची यादी दोन्ही बाजूंनी लेखी किंवा भर कोर्टात मान्य करायची. दुपारी कॉफीसाठी बाहेर आले तर कॉरिडॉरच्या बाकावर एक तरुण वकील बसला होता. शेजारी त्याचा अशील, मेक्सिकन असावा, कामाचे बूट घातलेला, सिमेंट लागलेले. वकिलाच्या मांडीवर छापील यादी, दोन-तीन पानं. तो एकेका ओळीवर पेन टेकवत होता, काहीतरी सांगत होता, अशील मान हलवायचा, मग पुढची ओळ. एका ओळीवर अशील थांबला. बोट ठेवून काहीतरी विचारलं. वकिलाने पिशवीतून एक कागद काढून दाखवला. मग टिकमार्क.

मी कॉफी हातात धरून बघत उभी राहिले, तेवढ्यात बेलिफने हाकललं. काळा कोट, तुमचीच आठवण आली.

काळा_कोट

सिमेंट लागलेल्या बुटांच्या माणसाला यादी ओळीने वाचून दाखवतात! उद्या मी कोर्टात हा प्रतिसाद झेरॉक्स करून नेतो. वाचनीय प्रत.

जुना_कारकून

निशिगंधाताई, शेवटी त्या यादीवर दोघांच्या सह्या झाल्या का? तारखेसहित?

निशिगंधा_राउंडरॉक

काका, तेवढं दिसलं नाही हो. सहीची जागा मात्र होती. खाली दोन रिकाम्या रेघा होत्या.